चहा उकळेपर्यंत

गावात नवी सून आली की आठवड्याच्या आत माझी आई त्या घरी जायची. आई आमच्या गावची आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. खांद्याला सरकारी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. गेल्या गेल्या ओसरीवर बसायची, पाणी मागायची, शेताचं विचारायची आणि मग त्या सुनेच्या सासूला म्हणायची, "काकू, चहा मांडा थोडा. आलं टाकजा बरं, घसा धरला माहा."

घसाबिसा काही धरलेला नसायचा. आलं हवं असायचं ते वेळ काढायला. सासू आत जाऊन आलं शोधणार, ठेचणार, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभी राहणार. तेवढ्या वेळात आई त्या नव्या मुलीला सगळं सांगून टाकायची. निरोध काय, गोळ्या कोणत्या, कधी सुरू करायच्या, नवऱ्याशी कसं बोलायचं. चहा बाहेर येईपर्यंत पाकिटं मुलीच्या पदराखाली गेलेली असायची आणि आई पुन्हा सोयाबीनच्या भावावर आलेली असायची. आमच्या गावात तरी हे काम ह्याहून चांगल्या रीतीनं कोणी करू शकलं नसतं, हे मी आजही मानते.

शाळेला सुट्टी असली की मी तिच्यासोबत असायचे. मला ती आत पाठवायची. "जा वं, काकूले आलं ठेचून दे." म्हणजे गावातल्या साऱ्या नव्या सुना जे शिकल्या, ते त्यांना शिकवलं जात असताना मी आत आलं ठेचत होते. हे मला हसत सांगता येतं, पण सांगून झालं की हसू टिकत नाही.

मी चोवीस वर्षांची असताना माझं लग्न जमलं. तेव्हा मी पोलीस भरतीची तयारी करत होते. आमचं गाव हायवेवरच्या जाम गावापासून जवळ. पहाटे आम्ही चार-पाच मुली हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं पळायचो. ढाब्यांवर ट्रकवाले दात घासत उभे असायचे, कोणी शिट्टी मारायचं, आम्ही मान वर करायचो नाही. आधीच्या भरतीत मी दोन गुणांनी राहिले होते, तेही गोळाफेकीत. आठशे मीटरमध्ये मी आमच्या सगळ्यांत पुढे असायचे. पुढची भरती लागणार, दिवाळीच्या आसपास ग्राउंड होणार, असं सगळे म्हणत होते. ग्राउंड म्हणजे पळण्याची आणि फेकण्याची परीक्षा. लेखी नंतर. ह्या खेपेला माझं होणार हे मला आतून माहीत होतं. असं आयुष्यात मला दुसऱ्या कशाबद्दल वाटलेलं नाही.

सासरची माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. अल्लीपूरकडचं शेतकरी घर. मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बघायला आले तेव्हा त्याची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पळू द्या की तिले. पोलीस सून कोणाले नोको आहे?" माझ्या बाबांना गहिवरून आलं. मलाही. लग्न उन्हाळ्यात, ग्राउंड दिवाळीला. मधे पाच-सहा महिने. एवढंच हिशेबात धरायचं राहिलं होतं, की ह्या पाच-सहा महिन्यांत पोटात काही राहायला नको.

हे कोणाला विचारायचं? आशाच्या मुलीनं हा प्रश्न विचारायचा म्हणजे हलवायाच्या पोरीनं साखर कुठं मिळते विचारण्यासारखं. मैत्रिणी मलाच विचारायच्या. "तुले तं सगळं माहीत असंन वं." मी माहीत असल्यासारखी मान हलवायचे. त्या हलवलेल्या मानेची किंमत मला पुढे कळली. मोबाईल होता, पण त्यात एक बाई एक सांगायची, दुसरी त्याच्या उलट. खाली कोणी लिहिलेलं असायचं की गोळ्यांनी पुढं मूलच होत नाही. आमच्या पळणाऱ्या मुलींत तर पक्कं ठरलेलं होतं की रोजच्या गोळीनं वजन वाढतं आणि दम लागतो. दमासाठी मी लोणचं सोडलं होतं. गोळी कुठून घेणार?

आईची पिशवी आमच्या मधल्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. घरात कोणी नसताना मी एकदा ती उघडली. लोहाच्या गोळ्या, ताप मोजायचं यंत्र, वजनाची झोळी, आणि तळाशी निरोधची पाकिटं. मी एक हातात घेतलं. नवऱ्याच्या हातात हे मी कोणत्या तोंडानं देणार? तो म्हणेल, ही बरीच तयारीची दिसते. पाकीट परत ठेवून दिलं. नंतर कितीतरी दिवस पिशवीकडे बघताना माझे कान गरम व्हायचे.

आईनं प्रयत्न केला नाही असं नाही. लग्नाच्या पंधरवड्यात तीनदा तरी ती माझ्याजवळ येऊन बसली. निवडायला तांदूळ घेऊन, कधी साडीला फॉल लावायच्या निमित्तानं. बसायची, घसा साफ करायची आणि म्हणायची, "चहा मांड थोडा." मी उठायचे. आमच्या घरी चहा करायला मीच उठायचे ना. चहा घेऊन येईपर्यंत तिचा धीर गेलेला असायचा. आम्ही दोघी गुपचूप चहा प्यायचो. मलाही कळत होतं ती कशासाठी बसली आहे. मी नुसतं "आई" म्हटलं असतं तरी झालं असतं. मी नाही म्हटलं.

शेवटी हा प्रश्न माझ्या चुलतभावाच्या बायकोनं सोडवला, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. लग्नाच्या तारखेला माझी पाळी येईल अशी घरात भीती होती. पळण्यामुळे माझी पाळी कधी वेळेवर यायचीच नाही, त्यामुळे तारीख कोणालाच धड सांगता येत नव्हती. हळद, लग्न, मग सासरी काकण सोडायचं, सत्यनारायण. ह्या सगळ्यात नवरी बाजूला बसली तर कसं व्हायचं? आमच्याकडे ह्यावर उपाय ठरलेला आहे. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. गणपती, महालक्ष्मी, लग्न, सगळ्याला बाया घेतात. वहिनीनं त्या आणून दिल्या आणि कधीपासून, किती वेळा हे सांगितलं.

मी पट्टी हातात धरून हळूच विचारलं, "वहिनी, ह्या गोळ्यानं ते बी होत नाई का?"

"काय ते?"

"दिवस."

वहिनी हसली. "पाळीच थांबते तं दिवस कुठून राहतीन वं? मी बी माह्या लग्नात ह्याच घेतल्या होत्या. दोन वर्षं झाले, मले कुठं राहिले?"

मला तो पुरावा पटला. खरं म्हणजे इतकं हलकं वाटलं की मी वहिनीला मिठी मारली. ती त्या दोन वर्षांत नागपूरच्या डॉक्टरकडे चकरा मारत होती आणि हे घरात फक्त भावाला माहीत होतं, हे मला फार नंतर समजलं. दुसऱ्यासमोर हसण्यावारी न्यायची सवय तिला लागली होती. मी तिचं दुःख उपाय समजून घेऊन गेले. तिला मी दोष देत नाही, तिच्याजवळ दुसरं सांगण्यासारखं होतं काय?

पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या. माझे पळायचे बूट आईनं स्वतः वेगळ्या पिशवीत भरले होते. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून वर गाठ मारली होती. माझ्या गळ्यात पडून रडतारडता ती कानात म्हणाली, "गेल्याबरोबर बूट काढजो. सकाळी उठल्यावर पह्यलं काम तेच करजो."

मला आणखीच रडू आलं. बाकीच्या आया सासूचं ऐक म्हणतात, माझी आई पळणं सोडू नको म्हणते. गाडीत बसल्यावर मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

सासरी तिसऱ्या दिवशी काकण सोडलं, सत्यनारायण झाला, आणि त्या रात्री आम्हाला एका खोलीत पाठवलं. कूलर इतका आवाज करत होता की बोलायला जवळ बसावं लागत होतं. नवरा बराच वेळ उशीच्या खोळीशी चाळा करत होता. मग त्यानं पँटच्या खिशातून दोन पुड्या काढून गादीवर ठेवल्या. ओआरएसच्या. एक डोकं दुखण्याचा बामही काढला.

"मेडिकलमध्ये गेलतो," तो म्हणाला. "दुसरंच आणाले गेलतो. इथला दुकानदार आमच्या मास्तरचा पोरगा आहे, म्हणून हिंगणघाटले गेलो. तं तिथं काउंटरवर एक पोरगी उभी. तिनं विचारलं काय पायजे. माह्या तोंडातून हेच निंघालं."

आम्ही दोघं इतके हसलो की तोंडावर उशी धरावी लागली. त्या हसण्यातच तो मला आवडला. हा माणूस माझ्या पळण्याचा विचार करून हिंगणघाटपर्यंत गेला होता. मी त्याला म्हणू शकले असते, की मग थांबू या, आणखी चार दिवसांनी काय बिघडतं. तो थांबला असता. माझी खात्री आहे.

पण मला त्याची ओशाळी मान बघवेना. आणि उत्तर माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, "काई होत नाई. मी गोळ्या घेतल्या आहेत."

"पक्कं?"

"हो."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हो ना," तो म्हणाला. "तुह्या आईनं सांगितलंच असंन."

मी मान हलवली. तीच, मैत्रिणींसमोर हलवायचे ती. त्या रात्रीबद्दल लोक घाबरवतात तसं काही झालं नाही. तो सांभाळून होता. मी मात्र पूर्ण वेळ मनात एकच म्हणत होते, वहिनीला दोन वर्षं नाही राहिले, वहिनीला दोन वर्षं नाही राहिले. पहिल्या रात्रीची माझी आठवण हीच आहे आणि ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

गोळ्या थांबवल्यावर तीन दिवसांनी थोडी पाळी आली. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. झालं, गोळीनं काम केलं. आता तिचा असर महिना-दोन महिने तरी राहणार, असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

बूट कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. सासरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते काढायला गेले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "हळदीचं अंग आहे पोरी. सव्वा महिना शीव ओलांडू नोको. मंग पळजो पायजे तेवढं." प्रेमानंच म्हणाल्या. हळदीच्या नवरीला काही बाधतं अशी त्यांची समजूत. मी पिशवी तशीच आत सरकवली. बघितले की पाय शिवशिवायचे, म्हणून पुढे त्यावर साड्यांचा गठ्ठाच ठेवून दिला.

आई दोन दिवसांआड फोन करायची. सासूबाई किंवा कोणीतरी आसपास असायचंच. ती विचारायची, "बूट घातले का?"

"नाई आई. सव्वा महिना आहे ना."

"घालू नोको, पण काढून तं पाह्य. फडक्यानं पुसून ठेवजो."

"ठेवते."

मला थोडा रागच यायचा. इथं नव्या घरात माझं मला कळत नाही, आणि हिला बुटांची पडली आहे. एकदा मी चिडून म्हटलं, "तूच पळ मंग." त्यानंतर तिनं बुटांचं नाव काढलं नाही.

त्या गावचीही आशा होती. ती एकदा घरी आली, माझ्याकडे बघून हसली. "आमच्याच ताईची पोरगी! हिले आता मी काय शिकवू?" सासूबाईही हसल्या. तिच्यासाठी चहा मीच केला. आलं टाकून.

सव्वा महिना संपत आला तेव्हा मला सकाळी मळमळायला लागलं. उन्हाळा आहे, पित्त आहे म्हणून मी आठवडा काढला. नवऱ्यानं आणलेल्या त्या ओआरएसच्या पुड्या तेव्हा कामाला आल्या. पाळी आली नव्हती, पण ती कधी वेळेवर यायची? मग एका दुपारी नवऱ्यानं हिंगणघाटहून तपासायची पट्टी आणली. ह्या खेपेला त्याला मागता आली. दोन रेघा उमटल्या. मी न्हाणीघरात खाली बसले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो आठशे मीटरचा. बाळाचा नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते आहे.

घरात पेढे आले. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. नवरा रात्री म्हणाला, "तू तं गोळ्या घेतल्या होत्या ना?" त्यात आरोप नव्हता. खरंच कोडं पडलं होतं त्याला. मी कुठल्या गोळ्या ते सांगितलं. तो म्हणाला, "मी त्या पोरीले विचाराले पायजे होतं. काय झालं असतं? हासली असती." माझ्याइतकंच त्यालाही लागलं होतं.

चार दिवसांनी आई आली. पोळ्यांचा डबा, आंब्याचं लोणचं, पातळ. ओसरीवर बसली, पाणी मागितलं, सासूबाईंना शेताचं विचारलं. मग म्हणाली, "इहीनबाई, चहा मांडा थोडा. आलं टाकजा हो, घसा धरला माहा."

मी सवयीनं उठायला गेले, तिनं माझा हात धरून खाली बसवलं. सासूबाई आत गेल्या. खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी ओसरीवर होते आणि आलं दुसरं कोणी ठेचत होतं.

आईनं विचारलं, "तू बूट काढलेच नाई?"

मला क्षणभर तिचा संताप आला. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि उठले. खोलीत जाऊन साड्यांचा गठ्ठा बाजूला केला, पिशवी काढली. नाड्यांची गाठ सुटता सुटेना, दातानं सोडवली. दोन्ही बुटांत पुढपर्यंत पाकिटं कोंबलेली होती. उजव्या बुटात वहीच्या कागदाची घडी. आईचं अक्षर मोठं आणि तिरपं. कसं वापरायचं ते एक-दोन-तीन करून लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'वहिनीच्या गोळ्यानं हे थांबत नाही. जावयाले लाज वाटन तर तू दे. ग्राउंड होऊ दे तुहं.'

घरात बुटाला दुसरं कोणी हात लावणार नाही आणि मी मात्र दुसऱ्याच दिवशी पळायला जाईन, हा तिचा विचार. गावातली प्रत्येक नवी सून कशी वागेल हे तिला ठाऊक होतं. स्वतःची मुलगी शहाण्या सुनेसारखी सव्वा महिना घरात बसेल हे तिच्या ध्यानात आलं नाही.

कागद मुठीत धरून मी बाहेर आले. खलबत्त्याचा आवाज थांबला होता, दूध गॅसवर असणार. थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "गावभर सांगत फिरते ना तू? मले तोंडानं सांगता नाई आलं?"

आई म्हणाली, "त्या पोरी माह्या नव्हत्या."

आणि माझ्याकडे न बघता, "तुले ठेवाचं आहे का नाई, तेवढं सांग. आत्ताच सांग. मी तुह्या संग येतो दवाखान्यात. कोणाले कळू देत नाई."

एवढी मोठी गोष्ट तिनं एका दमात विचारली, जशी ती दुसऱ्यांच्या मुलींना विचारायची. मला हवं ते सगळं आता त्या ओसरीवर होतं. आई, वेळ, विचारण्याची सोय. आत सगळं घर खूश होतं, नवऱ्यानं आदल्या दिवशी नावांची यादी केली होती. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही नक्की माहीत नाही.

तेवढ्यात सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या.

आईनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "सोयाबीन कधी पेरता मंग औंदा?"

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती नसती तर, हा विचार मला सोसत नाही. दिवाळीनंतर ग्राउंडचं पत्र आलं होतं. ते मी त्याच बुटांत, त्या कागदाशेजारी ठेवलं. पुन्हा भरत्या लागल्या, पण तसे पाय पुन्हा पळाले नाहीत. आईनं तो प्रश्न परत कधी विचारला नाही आणि मीही उत्तर दिलं नाही. ती आली की आम्ही बोलतो पुष्कळ. चहाला मात्र मी उठत नाही. ती काही बोलेल म्हणून बसून राहते, आणि ती मी काही बोलेन म्हणून.